दोन गॅलन पाणी आणि मातीचे भांडे

फ्लशच्या संडासाचा जनक कोण, या प्रश्नाला एक ठरलेले उत्तर आहे: लंडनचे टॉमस क्रॅपर. माणूस खरा होता. १८३६ साली यॉर्कशायरमधल्या थॉर्न गावी त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८६१ मध्ये चेल्सीत त्यांनी नळकामाचा धंदा सुरू केला, पुढे प्रिन्स ऑफ वेल्सच्या सँड्रिंगहॅममधल्या वाड्याचे काम त्यांना मिळाले आणि १९१० मध्ये ते वारले. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्यांच्या नावाची मॅनहोलची झाकणे अजून आहेत. इतके सगळे कागदाने आणि बिडाने शाबीत होते. होत नाही ती एकच गोष्ट, आणि लोकांच्या लक्षात राहिली ती नेमकी तीच.

या समजुतीला बळ मिळाले एका पुस्तकाने. वॉलेस रेबर्न यांनी १९६९ मध्ये क्रॅपर यांचे चरित्र लिहिले, तेही थट्टेच्या अंगाने. दोन वर्षांनी याच लेखकाने ब्रेसियरचा जनक म्हणून ऑटो टिट्झलिंग नावाच्या गृहस्थाचे चरित्र छापले. हा गृहस्थ मुळात जन्मालाच आला नव्हता. मग काही वाचकांनी उलटे टोक गाठले आणि क्रॅपरही काल्पनिक ठरवून टाकले. या वादाचा निकाल पेटंटच्या दप्तरात आहे. क्रॅपर यांच्या नावावर नऊ पेटंटे सापडतात. त्यांत संडासाच्या काही सुधारणा आहेत, पण फ्लशच्या संडासाचे पेटंट एकही नाही. ज्या टाकीच्या जाहिरातींमुळे त्यांना हा मान मिळाला, ती ‘आवाज न करणारी, झडप नसलेली, पाण्याची नासाडी रोखणारी’ टाकी होती. तिचे १८९८ सालचे ४९९० क्रमांकाचे पेटंट अल्बर्ट गिब्लिन यांच्या नावे आहे. जाहिरातीत मात्र ठळक अक्षरांत क्रॅपर. माल करणारा एक आणि नाव विकणाऱ्याचे, हा या धंद्याचा जुना रिवाज. तो पुढेही भेटेल.

‘पाण्याची नासाडी रोखणारी’ हे वर्णन कुणा जाहिरातदाराच्या डोक्यातून निघालेले नाही. त्यामागे लंडनच्या पाणीपुरवठ्याचा एक नियम आहे. माझे मत असे, की संडासाचे भांडे आज ज्या आकाराचे आहे त्याचे श्रेय कुणा संशोधकापेक्षा या नियमाला आणि तो पाळता पाळता घाम गाळणाऱ्या स्टॅफर्डशायरच्या कुंभारांना जास्त जाते. कागद लावून पाहिले तर हे दिसते.

सुरुवात यंत्रापासून झाली. १५९६ मध्ये जॉन हॅरिंग्टन या दरबारी माणसाने पाण्याने धुतल्या जाणाऱ्या संडासाचे वर्णन छापले, पण पुढची जवळजवळ पावणेदोनशे वर्षे त्याचे कुणी काही केले नाही. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने पेटंट घेतले. त्यात भांड्याखालचा नळ वाकवून त्यात पाणी अडवलेले होते. गटाराचा वास घरात येऊ न देणारा हा बाक आजही प्रत्येक संडासाखाली आहे. १७७८ मध्ये जोसेफ ब्रामा या कुलूपवाल्याने कमिंग यांची सरकती झडप काढून बिजागरीची बसवली. घड्याळजी आणि कुलूपवाला यांनी केलेली ही वस्तू असल्यामुळे तिच्यात तरफा, झडपा आणि दांडे भरपूर. भांडे दुय्यम. ते लाकडी पेटीत बसवलेले असे, वरून फक्त तोंड दिसे, त्यामुळे त्याच्या रूपाकडे कुणी पाहायचा प्रश्नच नव्हता. शिवाय ब्रामांचा संडास महाग होता. राणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बोर्न हाउसमध्ये तो बसला. गल्लीबोळातल्या घरात बसणे शक्य नव्हते.

१८४८ चा सार्वजनिक आरोग्य कायदा आला तेव्हा नव्या घराला संडास असलाच पाहिजे असे ठरले. पण कलमाचे शब्द नीट वाचावेत: पाण्याचा संडास, किंवा साधा संडास आणि राखेचा खड्डा. ‘किंवा’ने बऱ्याच घरमालकांचे पैसे वाचवले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्स या नळकाम-अभियंत्याने पेनी घेऊन वापरायची शौचालये चालवली. प्रदर्शनाच्या हिशेबात ८,२७,२८० लोकांनी पेनी दिल्याची नोंद आहे. एका पिढीला वॉटर क्लोझेट म्हणजे काय हे कळले ते बहुधा तिथे. हेन्री डोल्टन यांनी १८४६ पासून लॅम्बेथला चकाकीच्या मातीचे गटारनळ काढायला सुरुवात केली होती, १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंटच हैराण झाले, मग बॅझलजेट यांची मोठी गटारे झाली. ही हकीकत अनेकांनी सांगितली आहे. इथे एवढे पुरे.

घरात मात्र अजून घाण होती, आणि ती श्रीमंतांच्याही घरात होती. त्या काळी सर्वांत जास्त खपणारा प्रकार ‘पॅन क्लोझेट’ हा होता. भांड्याच्या बुडाशी तांब्याची पसरट वाटी, तिच्यात थोडे पाणी, दांडा ओढला की वाटी खाली कलंडायची आणि सगळे एका बिडाच्या डब्यात पडायचे. डबा आतून कधीच धुतला जात नसे. स्टीव्हन्स हेलियर या लंडनच्या प्लंबरने १८७७ च्या आपल्या पुस्तकात या प्रकारावर कडाडून टीका केली. त्याआधी १८७१ च्या शेवटी युवराज विषमज्वराने मरता मरता वाचले होते. बापाच्या मृत्यूचे कारण डॉक्टरांनी दहा वर्षांपूर्वी तेच सांगितलेले. साहजिकच वरच्या वर्गाचे लक्ष आपल्या घरातल्या नळांकडे आणि गटारांकडे वळले.

याच सुमारास तो नियम आला. १८७१ चा लंडनच्या पाणीपुरवठ्याचा कायदा आणि त्याखालची १८७२ ची नियमावली यांनी ठरवले, की संडासाला नळ थेट जोडायचा नाही. मध्ये टाकी हवी, आणि एका वेळी दोन गॅलनपेक्षा जास्त पाणी सुटता कामा नये. दोन गॅलन म्हणजे सुमारे नऊ लिटर. पाणी विकणाऱ्या खासगी कंपन्यांची काळजी लोकांच्या आरोग्याची नव्हती, गळतीची होती. घरांतले नळ रात्रंदिवस वाहत, झडपा झिजून थेंब थेंब गळत, आणि त्या पाण्याचे पैसे येत नसत. म्हणून टाकीचे कायदेशीर नावच ‘नासाडी-रोधक’ पडले. झडप असली की ती कधीतरी गळणारच, म्हणून झडपेऐवजी वक्रनळीने पाणी ओढणारी टाकी कंपन्यांना पसंत पडली. गिब्लिन यांचे १८९८ चे पेटंट या रांगेतले आहे.

स्वच्छतेच्या बाजूच्या मंडळींनी तक्रार केली की दोन गॅलन पुरत नाहीत. नियम हलला नाही, तेव्हा उरला एकच उपाय: त्या दोन गॅलनांत काम होईल असे भांडे करणे. प्रश्न लोहाराच्या दुकानातून कुंभाराच्या दुकानात गेला तो इथे.

सर्वांत स्वस्त भांडे ‘हॉपर’ म्हणून ओळखले जाई. ते नुसते लांब नरसाळे होते. पाणी एका बाजूने गोल फिरत खाली जाई, भिंती तशाच राहत. नोकरांच्या आणि मजुरांच्या वाट्याला ते येई. त्यावरची सुधारणा ‘वॉश-आउट’. यात भांड्यात उथळ पाणी साठून राहते, मळ त्या पाण्यात पडतो आणि फ्लशचा लोट त्याला कडेवरून ढकलून मागच्या किंवा पुढच्या नळीत टाकतो. जेनिंग्स यांचे १८५२ चे पेटंट याच दिशेचे होते. अडचण अशी की लोटाचे सगळे बळ ढकलण्यातच खर्ची पडे आणि खालच्या बाकातले पाणी बदलायला काही उरत नसे. ‘वॉश-डाउन’मध्ये ती उथळ पायरीच काढून टाकली. मळ थेट बाकातल्या पाण्यात पडतो आणि वरून आलेले पाणी त्याला सरळ रेटते. आज आपण वापरतो ते भांडे हेच. ते पहिले कुणी केले यावर भांडण आहे. चेल्सीच्या हंफर्सन पेढीच्या ‘बोफर्ट’ या १८८० च्या दशकाच्या मध्यातल्या भांड्यावर ‘मूळ’ असा दावा आहे. पण सूचीपत्र हे शेवटी जाहिरातीचे कागद. स्वतःला मूळ म्हणवणाऱ्याच्या शब्दावर मूळ ठरत नाही.

भांडी घडत होती ती मात्र लंडनपासून दूर, स्टॅफर्डशायरच्या हॅन्ली, बर्सलेम, लाँगटन या गावांत. जमिनीखाली दगडी कोळसा होता, बशा-पेल्यांवर हात बसलेले कारागीर होते, आणि ट्रेंट-मर्सी कालव्याने कॉर्नवॉलची चिनीमाती आणि डेव्हन-डॉर्सेटची चिकट माती दारात येत होती. हॅन्लीच्या टॉमस ट्वायफर्ड यांचे १८७२ मध्ये निधन झाले तेव्हा त्यांचा मुलगा टॉमस विल्यम जेमतेम बाविशीचा होता. या मुलाने बशा-पेल्यांचा मोह सोडून सगळा भर सॅनिटरी मालावर दिला. १८८१ चे त्याचे ‘नॅशनल’ वॉश-आउट जातीचे. १८८३ चे म्हणून सांगितले जाणारे ‘युनिटास’ महत्त्वाचे, कारण त्यात भांडे, बाक आणि उभा पाया एकसंध मातीचे होते. लाकडी पेटी गेली. कोपऱ्यात साचणारा ओलावा, झुरळे, कुजका वास यांची जागाच गेली. भांडे उघडे उभे राहिले आणि उघडे दिसते म्हटल्यावर ते सजवावे लागले. निळी फुले, वेलबुट्टी, डॉल्फिन, सिंह असे काहीही त्या काळच्या सूचीपत्रांत सापडते. पांढऱ्याची सद्दी नंतरची.

एकसंध करणे वाटते तेवढे सोपे नव्हते. आज मातीचा पातळ घोळ साच्यात ओततात. त्या काळी भांडे दाबून घडवीत. कारागीर मातीचा गोळा थापून जाड पोळी करी आणि प्लॅस्टरच्या साच्याच्या प्रत्येक भागात ती हाताने, ओल्या स्पंजाने दाबून बसवी. भांड्याचे पोट वेगळे, बाकाचे दोन अर्ध वेगळे, आणि सर्वांत कटकटीची ती वरची पोकळ कडा, जिच्या खालच्या भोकांतून पाणी चहूबाजूंनी उतरते. हे सारे चामड्याइतके घट्ट झाले की पातळ मातीने जोडायचे. सुकताना आणि भाजताना माती दहाव्या हिश्श्याच्या आसपास आकसते, म्हणून साचा तेवढा मोठा हवा. आणि जाड-बारीक भाग सारखे आकसत नाहीत, म्हणून जोड उलतात. घाईने सुकवले तर भट्टीत जाण्याआधीच भेग. बाटलीच्या आकाराच्या उंच भट्टीत, मातीच्या डब्यांत झाकून माल दोन-तीन दिवस भाजला जाई, मग चकाकीचा लेप आणि पुन्हा भट्टी. एका डब्यातली चूक शेजारच्यालाही घेऊन जाई. बाकाची वळणे आतून दिसत नाहीत. ती बरोबर झाली की नाही हे पाणी सोडल्यावरच कळे.

विसाव्या शतकात ओतकाम रुळले. घोळात थोडे सोडियम सिलिकेट घातले की कमी पाण्यात माती वाहती होते, प्लॅस्टरचा साचा पाणी शोषतो, तासा-दीड तासात भिंत हवी तितकी जाड होते, उरलेला घोळ ओतून परत घ्यायचा. मातीही बदलली. जुने भांडे चकाकीच्या आत सच्छिद्र होते. चकाकीला केसासारख्या चिरा पडल्या की आत घाण मुरे आणि कितीही धुतले तरी वास जात नसे. बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेली काचेसारखी घट्ट माती हा त्यावरचा उपाय ठरला. आपल्याकडच्या भारतीय मानकातही अशा भांड्याने अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी शोषू नये अशी अट आहे.

आरोग्याची भांडी करणाऱ्यांच्या आरोग्याचे काय, याचेही कागद आहेत. नॉर्थ स्टॅफर्डशायर इन्फर्मरीचे डॉक्टर आर्लिज यांनी बालमजुरीच्या आयोगापुढे १८६० च्या दशकात कुंभारांच्या खुजेपणाबद्दल आणि छातीच्या विकारांबद्दल साक्ष दिली होती. ती साक्ष मार्क्स यांनी ‘कॅपिटल’मध्ये वापरली. १८९२ मध्ये आर्लिज यांनी धंद्यांमुळे होणाऱ्या रोगांवर ग्रंथच लिहिला. दोष गारेच्या भुकटीचा. ती मातीत मिसळत, सुकल्यावर ती हवेत उडे आणि फुप्फुसात बसे. कुंभारांत त्या रोगाला नावच होते, ‘पॉटर्स रॉट’. सूचीपत्रांतल्या डॉल्फिनांकडे पाहताना हा कागद शेजारी ठेवावा.

लंडनमध्ये १८८४ साली आंतरराष्ट्रीय आरोग्य प्रदर्शन भरले. तिथे संडासांच्या चाचण्या झाल्या, आणि त्यांचा तपशील वाचताना हसू आवरत नाही. जेनिंग्स पेढीच्या ‘पेडेस्टल व्हास’ने दोन गॅलनांच्या एका फ्लशमध्ये सव्वा इंच व्यासाची दहा सफरचंदे, एक चपटा स्पंज आणि भांड्याला चिकटवलेले कागदाचे चार तुकडे वाहून नेले, शिवाय आतून लावलेला प्लंबरचा काळा लेपही धुतला. सुवर्णपदक मिळाले. जॉर्ज जेनिंग्स स्वतः १८८२ मध्येच वारले होते, त्यामुळे पदक त्यांना मिळाले असे लिहिणाऱ्यांनी तारखा तपासलेल्या नसतात. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत ते दोन गॅलन. नियमावलीला बारा वर्षे झाली होती आणि आता ती शर्यतीची अट बनली होती. तीन वर्षांनी ट्वायफर्ड यांनी कालव्याकाठी क्लिफ व्हेल इथे खास या मालासाठी नवा कारखाना बांधला.

या भांड्यांचा काळ ठरवायला एक उत्तम साधन आहे, आणि ते भांड्यावरच असते. ब्रिटनमध्ये १८४२ पासून १८८३ पर्यंत नोंदवलेल्या नक्षीवर किंवा आकारावर चौकटच्या एक्क्यासारखी खूण ठोकत. वरच्या वर्तुळात रोमन चार म्हणजे मातीचा माल. कोपऱ्यांतल्या अक्षरांत आणि आकड्यांत नोंदणीचे वर्ष, महिना, दिवस. १८६८ मध्ये वर्षाच्या अक्षराची जागा वरून उजवीकडे गेली. १८८४ पासून चौकट गेली आणि नुसता नोंदणी क्रमांक आला. क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या नोंदवह्यांशी तो जुळवता येतो. यात एक सावधगिरी लागते: ती तारीख नोंदणीची आहे, त्या विशिष्ट भांड्याची नाही. तोच साचा पुढे किती वर्षे चालला हे खुणेवरून कळत नाही. आणि शिक्का खोटेही बोलू शकतो. अमेरिकेत ट्रेंटन इथे टॉमस मॅडक यांनी १८७३ मध्ये हा धंदा सुरू केला तेव्हा गिऱ्हाइकांचा देशी मालावर विश्वास नव्हता. म्हणून त्यांच्या सुरुवातीच्या मालावर अमेरिकी बाजारासाठी केलेला उत्तम स्टॅफर्डशायर माल अशा अर्थाचा शिक्का मारला जाई. माल ट्रेंटनचा, शिक्का स्टॅफर्डशायरचा.

मुंबईच्या कागदांत हे भांडे वेगळ्या संगतीत भेटते. १८८८ च्या मुंबई महापालिकेच्या कायद्यात पाण्याच्या संडासाची आणि साध्या संडासाची तजवीज आहे, आणि करांच्या यादीत पाणीपट्टीशेजारी ‘हलालखोर कर’ आहे: संडास, मुताऱ्या आणि शोषखड्ड्यांतली घाण पालिकेच्या माणसांकडून गोळा करून वाहून नेण्यासाठी, आणि त्याच पैशातून गटारांच्या देखभालीसाठी. म्हणजे ट्वायफर्डचे एकसंध भांडे बाजारात येऊन पाच वर्षे झाली तेव्हा या शहराच्या कायद्याने डोक्यावरची टोपली आणि जमिनीखालचा नळ दोन्ही एकाच करात बसवले होते. कर टक्केवारीत लिहिला आहे. टोपली कोणत्या जातीच्या डोक्यावर असेल ते कलमात लिहिलेले नाही, लिहायची कुणाला गरजही वाटली नसावी. मुंबई सरकारने या कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला बर्वे समिती नेमली ती १९४९ मध्ये, अहवाल १९५२ चा. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेब पटवर्धन तेव्हा कमी पाण्याच्या, कुणी दुसऱ्याने उपसावा न लागणाऱ्या संडासाचे प्रयोग करत होते. काचेसारख्या घट्ट मातीची भांडी देशात मोठ्या प्रमाणावर होऊ लागली ती त्यानंतर. रानीपेटला पॅरी कंपनीने १९५२ पासून सॅनिटरी माल काढला, आणि त्याच ट्वायफर्डच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या हिंदुस्तान ट्वायफर्ड्सचे बहादूरगडचे उत्पादन १९६२ मध्ये सुरू झाले. हाताने मैला उपसण्याच्या प्रथेला बंदी करणारा केंद्राचा पहिला कायदा १९९३ चा आहे, दुसरा २०१३ चा. दोन कायदे लागले यावरूनच पहिल्याचे काय झाले ते समजावे.

दक्षिण मुंबईत आणि पुण्याच्या पेठांत जुन्या इमारती पाडल्या जात आहेत, आणि त्यांतल्या संडासांची, बेसिनांची, टाक्यांची खापरे राडारोड्याबरोबर जातात. इंग्लंडात अशा भांड्यांसाठी लाँगटनच्या ग्लॅडस्टन पॉटरी म्युझियममध्ये स्वतंत्र दालन आहे. आपल्याकडे निदान नोंद व्हावी. तुमची इमारत पुनर्विकासाला जात असेल तर फोडणाऱ्याला एक मिनिट थांबवा, भांडे उलटे करा, आतल्या कडेवर, पायाशी आणि पाठीवर शिक्का, चौकट किंवा क्रमांक दिसतो का ते पाहा, पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा आणि इमारतीचे बांधकाम-वर्ष त्याच्याबरोबर लिहून ठेवा. बिल किंवा जुन्या नकाशाचा कागद सापडला तर तोही फेकू नका.